मुळांशी नांदणारी बुरशी

बुरशी हे नाव कानी पडताच गृहिणीला बिघडलेल्या लोणच्याची बरणी आठवते आणि द्राक्षबागाईतदाराला वेलीवरची भुरी. तेव्हा जिच्या साह्यावाचून आपली बहुतेक पिके नीट पोसणार नाहीत अशा एका बुरशीविषयी मी बोलणार आहे, हे ऐकून कित्येकांना नवल वाटेल.

ही बुरशी जिवंत मुळात शिरते, परंतु रोग म्हणून नव्हे. १८८५ साली आल्बर्ट फ्रांक ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने अरण्यवृक्षांच्या मुळांवर अशी जोडी पाहून तिला 'मायकोरायझा', म्हणजे बुरशी-मूळ, हे नाव दिले. शेतातील पिकांची बुरशी ह्याहून निराळी. ती मुळाच्या पेशींच्या आत शिरून झाडासारख्या सूक्ष्म शाखा फोडते. वनस्पती तिला साखर व स्निग्धांश देते. उलट ती केसाहूनही कितीतरी बारीक असे आपले तंतू दूरवर धाडून स्फुरद, जस्त व थोडी ओल मुळाला आणून देते. व्यवहार रोखीचा आहे, उधारीचा नव्हे.

आता निफाड तालुक्यातील बाणगंगेकाठच्या ओझराकडे वळू. सह्याद्रीने पाऊस अडविल्यामुळे हा प्रदेश मूळचा कोरडवाहू. सखल भागात अग्निजन्य खडकाची काळी माती, उंचवट्यावर मुरमाड जमीन. काळ्या मातीत चुना असतो, आणि तो स्फुरदाला असा धरून ठेवतो की मुळापासून बोटभर अंतरावरचा स्फुरदही पिकाच्या हाती लागत नाही. बुरशीची किंमत खरी येथे कळते.

परंतु कोणती बुरशी कोठे राहील, हे मातीच ठरविते. अकॉलोस्पोरा ह्या कुळातील जाती आम्लधर्मी जमिनीत विशेष आढळतात. चुनखडीच्या जमिनीत वेगळ्याच जाती वस्ती करितात. त्यांपैकी एकीला, १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडात ह्या विषयाचा पाया घालणाऱ्या बार्बरा मॉस ह्या विदुषींचे नाव १९६८ साली दिले गेले. क्षार वाढले की पुष्कळ जातींची बीजुके रुजत नाहीत व सोशिक तेवढ्याच उरतात. खोल नांगरटीने तंतूंचे जाळे तुटते. आणि जमीन फार दिवस उघडी पडली तर यजमान मुळावाचून बुरशी उपाशी राहते.

सर्वांत मोठा आघात मात्र आपल्या उदारपणाचा असतो. ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९१ च्या सुमारास पाणीवापर संस्था काढून वाघाड धरणाच्या कालव्याच्या पाण्याची वाटणी आपल्या हाती घेतली, ही गोष्ट कौतुकाची आहे. पण पाण्याची शाश्वती आली की खताचा हात सैल सुटतो, हा बागाईत मुलखाचा स्वभावच. स्फुरदाची खते भरपूर मिळाली म्हणजे वेल बुरशीला साखर देणे कमी करिते. घरचे कोठार भरले असता अडत्याला दलाली कोण देईल! मग बुरशी मुळातून हळूहळू ओसरते, आणि तिच्याबरोबर जस्ताचा पुरवठाही आटतो.

हल्ली बाजारात ह्या बुरशीची पाकिटे मिळतात. निर्जंतुक केलेल्या रोपवाटिकेत त्यांचा उपयोग होतो, हे मान्य. परंतु स्फुरदाने आधीच भरलेल्या बागेत ती टाकणे म्हणजे, माझ्या मते, नको असलेल्या पाहुण्याला वारंवार आमंत्रण धाडणे होय. आधी माती तपासावी, स्फुरद जास्त निघाल्यास ते खत आखडते घ्यावे, आणि वेलींच्या ओळींमध्ये थोडे गवत राहू द्यावे.

निफाडच्या कांद्याची गोष्ट तर तुमच्या चुलीपर्यंत पोहोचते. कांद्याची मुळे जाड, विरळ व जवळजवळ केशहीन असल्याने त्याला बुरशीचा आधार फार लागतो. उलट कोबी, फुलकोबी, मुळा व मोहरी हे घराणे असे, की ते ह्या बुरशीला सहसा दारातही उभे करीत नाही. म्हणून कोबीच्या शेतात कांदा लावावयाचा असेल, तर मध्ये मुगाचे किंवा बाजरीचे एखादे पीक घ्यावे. त्या दोहोंच्या मुळांत ही बुरशी सुखाने नांदते.