जबडा, सुई आणि सुपारी



संमेलनासाठी महापे ठरलं तेव्हा काही जणांनी नाकं मुरडली. एमआयडीसीच्या शेडमध्ये आणि कंटेनरच्या रांगांत कसलं आलंय चेहऱ्याचं शास्त्र, असा एकंदर सूर होता. त्यांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आत वळल्यावर थोडं आजूबाजूला पाहावं. एकीकडे मिलेनियम बिझनेस पार्कच्या इमारती आणि तिथून रात्रपाळी संपवून बाहेर पडणारी तरुण मंडळी. दुसरीकडे शिळफाट्याच्या दिशेने जाणारे ट्रक, त्यांचे चालक, क्लीनर आणि माथाडी. दोन्हीकडची गर्दी थांबते ती पानटपरीपाशी. काचेच्या इमारतीतल्या कुणाला चौकोनी जबडा बारीक करून हवा असतो, तर ट्रकच्या केबिनमधल्या कुणाचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नसतं. दोघांच्याही उपचारांत गालात सुई जाते. मात्र या संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या सुईवर सत्रांमागून सत्रं आहेत आणि दुसरीवर एकच, तेही जेवणाच्या सुट्टीला खेटून. अध्यक्षाला निवडीचा अधिकार नसतो, तक्रारीचा असतो. तो इथे वापरला जात आहे.

ज्या सुईसाठी सभागृह भरलं आहे तिच्यापासून सुरुवात करू. गालाच्या मागच्या कोपऱ्यावर हात ठेवून दात आवळले की जो गोळा फुगतो, तो मॅसेटर. काही माणसांत तो इतका वाढतो की चेहरा खाली रुंद दिसतो. या वाढीचं वर्णन लेग यांनी १८८० मध्येच केलं होतं. पुढे बराच काळ उपाय एकच होता, स्नायूचा भाग कापून काढण्याचा. चेहऱ्याची नस, लाळेची मोठी ग्रंथी आणि तिची नळी, सगळं अगदी शेजारी. त्यामुळे निव्वळ दिसण्यासाठी असं धाडस क्वचितच कुणी करी.

मग आलं बोट्युलिनम. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर (तो कवीही होता) सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या माणसांच्या नोंदी ठेवत होता. हे विष उपचारालाही वापरता येईल, हा अंदाज त्याचाच. बेल्जियमच्या एलेझेल गावात खराब हॅम खाऊन माणसं दगावली आणि १८९५ च्या त्या घटनेतून व्हॅन एर्मेंगेम यांनी जंतू शोधून काढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांसाठी त्या विषाचं औषध केलं आणि १९८९ मध्ये अमेरिकी नियामकाने ते तिरळेपणा व पापण्यांच्या आचक्यांसाठी मान्य केलं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मान्यता मिळायला २००२ उजाडलं. मॅसेटरमध्ये ते टोचल्याचे पहिले वृत्तांत १९९४ चे, म्हणजे दोन मान्यतांच्या मधले. मान्यतेच्या यादीत नसलेल्या कामासाठी औषध वापरणं वैद्यकात नवं नाही आणि गुन्हाही नाही. फक्त ते रुग्णाला आधी सांगायचं असतं, आणि नेमकं तेच जाहिरातीत बसत नाही.

हे विष नसेच्या टोकाशी स्नॅप-२५ नावाचं प्रथिन कापतं. त्यामुळे असेटिलकोलीन बाहेर पडत नाही आणि स्नायूला आवळण्याचा निरोप पोचत नाही. काम न मिळालेला स्नायू काही आठवड्यांत सुकू लागतो. तीन-चार महिन्यांत नसेचं काम पूर्ववत होतं आणि स्नायू हळूहळू भरतो. बाटलीतलं विष मोजायचं ते नॅनोग्रॅममध्ये, आणि त्याचं एकक तर अजूनच विलक्षण आहे: टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे ज्या मात्रेने मरतात ती मात्रा म्हणजे एक युनिट. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे इथे कुणाला सांगायला नको. तरी सांगितलेलं बरं, कारण बाटली स्वस्त मिळाली म्हणून कंपनी बदलणारेही या व्यवसायात आहेत.

जाता जाता एक नातं. धनुर्वाताचं विष याच कुळातलं. तेही नसांमधलं असंच प्रथिन कापतं, पण मज्जारज्जूत जाऊन स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशी बंद पाडतं. म्हणून एका विषाने जबडा सैल पडतो आणि दुसऱ्याने दातखीळ बसते. आपल्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी दातखिळीचे रुग्ण मुंबईच्या वॉर्डांत रांगेने पाहिले. माता आणि नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. जबड्याशी संबंधित सगळ्यात यशस्वी सुई कोणती, असं कुणी विचारलं तर उत्तर बोटॉक्स नाही. ती दंडावर घेतली जाणारी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी लस आहे.

मॅसेटरच्या सुईचं कसब तिच्या जागेत आहे. ओठांच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत मनातल्या मनात रेघ ओढायची आणि तिच्या खाली, स्नायूच्या जाड भागात राहायचं. पुढे सरकलं तर हसू वाकडं होतं. फार वर गेलं तर गाल बसतो. वरवर टोचलं आणि खोलचा थर सुटला, तर चावताना गालावर विचित्र फुगवटा येतो. चाळिशीनंतर कातडी सैल असेल तर जबडा बारीक होण्याऐवजी ती खाली लोंबते. मायस्थेनियाचा रुग्ण, गर्भवती, अमिनोग्लायकोसाइड चालू असलेला माणूस, यांना हात लावायचा नाही. सशांवरच्या प्रयोगांत मॅसेटर लुळा केल्यावर जबड्याच्या सांध्याजवळचं हाड विरळ झालेलं दिसलं. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. तरीही विशीतल्या मुलीला वर्षानुवर्षं दर चार-सहा महिन्यांनी टोचत राहण्याआधी एवढं तिच्या कानावर घालायला काय हरकत आहे?

दात खाण्यावर, म्हणजे ब्रक्सिझमवर, हीच सुई देतात. तिथे निदान दुखणं खरं असतं. सकाळी जबडा आखडलेला, कानशिलं ठणकताहेत, दाढा झिजून सपाट झालेल्या. पण झोपेतल्या नोंदी घेतलेल्या अभ्यासांत असं दिसलं की सुईने आवळण्याचा जोर कमी होतो. आवळण्याच्या वेळा फारशा कमी होत नाहीत. रात्री मेंदू दात खायचे तेव्हा खातोच. दातांवर बसवायचा साधा स्प्लिंट अनेकांना पुरतो. पण त्याचा फोटो चांगला येत नाही, हे मान्य करावं लागेल.

बनावट बाटल्यांबद्दलही दोन शब्द. २०२४ मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांतून बनावट बोटॉक्समुळे माणसं आजारी पडल्याचे इशारे निघाले. २०२३ मध्ये तुर्कस्तानात वजन कमी करण्यासाठी जठरात हे विष टोचून घेतलेल्या युरोपीय रुग्णांना बोट्युलिझम झाला. औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. ते कुठून आलं, कोणत्या फ्रीजमध्ये होतं, बॅच नंबर काय, हे केसपेपरवर नसेल तर पुढचं सगळं कौशल्य वाया आहे.

आता दुसरी सुई. तिच्या रुग्णाला आजाराचं नाव माहीत नसतं. तो म्हणतो, ठेचा झोंबायला लागलाय. मग म्हणतो, पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. मग वडापाव दाबून चपटा करावा लागतो, शीळ वाजत नाही, आणि अखेरीस दाढ दुखते म्हणून तो येतो तेव्हा तोंडात आरसाही जात नाही. टाळू पांढुरका पडलेला आणि गालात बोट फिरवलं तर ताठ पट्टे लागतात. निरोगी माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं. या रुग्णांत १५ च्याही खाली गेलेले सापडतात. दवाखान्याच्या बोलीत हा ओएसएमएफ, म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिस.

या आजाराची आधुनिक ओळख १९५२ मध्ये झाली. श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो पाहिला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या खांबांच्या या आजाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हटलं. जगभरच्या पुस्तकांत आज तेच नाव आहे आणि ते मुंबईतून गेलं, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? सुरुवातीला संशयित होती मिरची. डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तर उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सायसिन लावून पाहिलं. तो लेख १९६० चा. पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अणुविज्ञानाच्या शेजारी, डॉ. फली मेहता यांच्या गटाने डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्यासह गावोगाव लाखो तोंडं तपासली. मिरची सुटली आणि सुपारी सापडली. नागपुरातल्या हजारे व सहकाऱ्यांचा १९९८ चा अभ्यास सुपारी आणि पानमसाल्याकडेच बोट दाखवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करणारी हे सिद्ध झालेल्यांत. एर्नाकुलमच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षं माग काढला तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झाला होता.

सुपारीची अडचण अशी की ती आपल्या देव्हाऱ्यात बसलेली आहे. गणपतीच्या जागी सुपारी, लग्न ठरताना सुपारी, आहेराच्या पानावर सुपारी. श्रीवर्धनची रोठा सुपारी हे तर कोकणाचं भूषण. तंबाखू सोडली असं अभिमानाने सांगणारा माणूस दिवसभर गोड सुपारी चघळतो आणि त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. शाळेच्या दारात पोरं तीच विकत घेतात. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटखाबंदी आली आणि ती पुढे दर वर्षी वाढवत नेली. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. पुडी बदलते. विदर्भात खर्रा असतो, इतरत्र मावा असतो, आणि महापेच्या टपरीवर काय असतं ते इथून बाहेर पडल्यावर कुणीही पाहून यावं.

या रुग्णाच्या गालात जी सुई जाते तिच्यात स्टिरॉइड असतं, बहुधा डेक्सामेथासोन, आणि सोबत हायलुरोनिडेज, बहुधा १५०० युनिट, भूल देणाऱ्या लिग्नोकेनमध्ये मिसळलेलं. आठवड्याला एकदा किंवा दोनदा, कित्येक आठवडे. जळजळ कमी होते, तोंड काही मिलिमीटर वाढतं. हायलुरोनिडेज हे विकर पेशींमधला चिकट पदार्थ पातळ करतं, पण पक्का झालेला कोलॅजनचा पट्टा विरघळवत नाही. शिवाय वारंवार टोचण्यानेच व्रण वाढतात, असाही आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खन्ना आणि अँड्राडे यांनी १९९५ मध्ये १०० रुग्णांच्या अनुभवावरून तोंड किती उघडतं त्यानुसार गट पाडले आणि कुणाला शस्त्रक्रिया लागेल ते सांगितलं. पट्टे कापून गालातली चरबी किंवा नाकाजवळची कातडी तिथे बसवली, तरी रुग्णाने महिनोन्‌महिने व्यायाम केला नाही तर तोंड पुन्हा मिटतं. त्या व्यायामाचं साधन म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या. दातांमध्ये गठ्ठा धरायचा आणि जमेल तशी एक काडी वाढवायची.

गंमत अशी की हायलुरोनिडेजची बाटली सौंदर्य-क्लिनिकातही असते. ओठात, गालात भरलेलं फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं आणि कातडी काळवंडू लागली, तर ते विरघळवायला तातडीने हेच विकर लागतं. नेरूळ, कामोठे, खारघर, बेलापूर. एवढ्याशा पट्ट्यात दंतमहाविद्यालयांची ओळच आहे आणि त्यांच्या आसपास क्लिनिकांचीही. एकाच शहरात तीच बाटली एकीकडे ‘झालीच गडबड तर’ म्हणून फ्रीजमध्ये पडून मुदत संपवते आणि दुसरीकडे ओपीडीत रुग्णाला बाहेरून विकत आणायला सांगितली जाते. ही खरेदी रोजंदारीच्या माणसाला दर आठवड्याला जमत नाही. तिसऱ्या सुईनंतर तो येत नाही आणि केसपेपरवर ‘उपचार सोडले’ असा शेरा बसतो.

त्वचारोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांच्यात मॅसेटर कुणाचा, यावरून जो वाद चालू आहे तो या संमेलनातही रंगणार. रंगू द्या. पण भांडणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी किती जण टोचण्याआधी रुग्णाला तोंड उघडायला सांगतात आणि पट्टी लावतात? ज्या वयात जबडा बारीक करून घेण्याची हौस येते, त्याच वयात सुपारीही सुरू होते. गालाच्या बाहेरचा फुगवटा पाहायला आलेल्याच्या गालाच्या आतला पट्टा हाताला लागू शकतो. शिवाय रोज तासन्‌तास सुपारी चघळणाऱ्याचा मॅसेटर व्यायामाने वाढलेला असेल, तर त्यात विष टोचून मूळ सवयीबद्दल अवाक्षर न काढणं याला उपचार म्हणवत नाही.

म्हणून आयोजकांना विनंती केली आणि त्यांनी ती मानली. दुपारच्या मॅसेटर कार्यशाळेत प्रात्यक्षिकासाठी जे स्वयंसेवक येणार आहेत, त्यांच्या नोंदपत्रावर तीन ओळी वाढवल्या आहेत: वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, गालाच्या आतून बोट फिरवल्यावर काय लागलं, आणि सुपारी खाता का, किती. प्लास्टिकच्या पट्ट्या नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आणि जेवणाआधीचं ते एकुलतं सत्र पाऊण तास लवकर सुरू होईल, तरी ते लांबणारच. जेवण थोडं उशिरा मिळेल, त्याबद्दल क्षमस्व.