हेलिकॉप्टरने केदारनाथला जाताना

औंढ्याचा नागनाथ आणि परळीचा वैद्यनाथ परभणीकरांच्या अगदी जवळ. त्यामुळे बाराही ज्योतिर्लिंगं करायची आस आपल्याकडे घरोघरी असते. त्यात केदारनाथ अवघड. गौरीकुंडापासून 16 किलोमीटरचा चढ. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मुलं आईवडिलांना हेलिकॉप्टरचं तिकीट काढून देतात. उन्हाळ्याच्या तोंडावर अशी मंडळी दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, चालायचंच नाही, मग तब्येतीची काय काळजी?" काळजी आहे, आणि ती पायांची नाही, श्वासाची आहे.

परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आत, तर केदारनाथ 3,583 मीटरवर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू इथल्यापेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी असतो. चालणाऱ्याला दम लागला की तो थांबतो, बसतो. हेलिकॉप्टर मात्र फाटा नावाच्या गावाहून आठ-दहा मिनिटांत वर नेऊन सोडतं. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही.

उंचीचा त्रास बहुतेकांना उतरल्याबरोबर होत नाही, तर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. सकाळी जाऊन दर्शन घेऊन दुपारी खाली आलेला माणूस म्हणूनच बहुधा सुटतो, आणि "मला काहीच झालं नाही" असं सगळ्यांना सांगतो. त्याचं ऐकून दुसरा वर मुक्काम करतो आणि रात्री डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, झोप लागत नाही. माझा आग्रह असा की गुप्तकाशीला किंवा फाट्याला आधी दोन रात्री काढा, आणि साठी ओलांडलेल्यांनी वर मुक्काम न करता त्याच दिवशी परत यावं. यात्रेत उपवास धरतात, पाणीही कमी पितात. वर जायच्या दिवशी तसं करू नका.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बरोबर न्यायला हरकत नाही. मात्र त्या उंचीवर आकडा नव्वदीच्या खाली येणं नेहमीचं आहे, तेवढ्याने घाबरू नये आणि आकडा बरा दिसला म्हणून निर्धास्तही राहू नये. माणसाकडे बघा. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, किंवा एका टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून सरळ रेषेत चार पावलं टाकता येत नसतील, तर सकाळची वाट बघत बसू नये. तिथल्या वैद्यकीय केंद्रात प्राणवायू लावून घ्यावा आणि मिळेल त्या मार्गाने खाली आणावं. हवा बिघडलेली असली तर हेलिकॉप्टर येणार नाही, तेव्हा कंडी (पाठीवरची टोपली) किंवा दंडी (पालखी) करून उतरवावं.

हृदयविकाराचा झटका येऊन थोडेच महिने झालेत, दमा आटोक्यात नाही, सिकलसेल आहे, अशांनी जाऊ नये. गरोदर बाईने यात्रा पुढे ढकलावी. आपल्याकडच्या बायकांना रक्ताची कमी फार, म्हणून आईचं हिमोग्लोबिन निघण्याच्या दोन महिने आधी तपासा, म्हणजे उपचाराला वेळ मिळतो. ॲसिटाझोलामाइडची गोळी काहींना उपयोगी पडते, पण सल्फाची ॲलर्जी आहे का ते डॉक्टरांना सांगून, त्यांनी दिली तरच घ्या.

आता उड्डाणाविषयी. विरळ हवेत पंख्यांना उचल कमी मिळते, म्हणून तिथे प्रत्येकाचं वजन करतात आणि त्याप्रमाणे बसायची जागा ठरवतात. "मला खिडकी द्या" म्हणून हुज्जत घालू नका. मंदाकिनीची दरी आणि बर्फाची शिखरं मधल्या जागेवरूनही दिसतात, आणि ते दृश्य खरोखर डोळ्यांत साठवण्यासारखं आहे.

दरीत ढग भरले की वैमानिकाला डोंगर दिसत नाही. 15 जून 2025 च्या पहाटे गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, त्यांत महाराष्ट्रातले यात्रेकरूही होते. दरीत तेव्हा ढग होते. न्यूझीलंडमध्ये फॉक्स हिमनदीवर 21 नोव्हेंबर 2015 ला पर्यटकांचं हेलिकॉप्टर पडलं, तेही खराब हवेत, आणि तिथेही सातच जण दगावले. म्हणून उड्डाण थांबवलं तर कंपनीच्या माणसांशी भांडू नका, "उद्याची गाडी आहे हो" म्हणून गळ घालू नका. परतीचं रेल्वे तिकीट काढतानाच दोन दिवस हाताशी राखा.

तिकीट काढण्याआधी चारधाम यात्रेची नोंदणी करावी लागते. तिकीट आयआरसीटीसीच्या 'हेलियात्रा' संकेतस्थळावरच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नंबरावर एक रुपयाही पाठवू नका, या नावाने फसवणूक फार होते.

हेलिपॅडवर पाठीमागून कधीही जाऊ नये. शेपटीचा पंखा फिरताना डोळ्यांना दिसतच नाही. 23 एप्रिल 2023 रोजी केदारनाथच्या हेलिपॅडवर त्याच पंख्याने एका सरकारी अधिकाऱ्याचा जीव गेला. कर्मचारी खूण करील तेव्हाच, समोरून किंवा बाजूने, वाकून जा. पदर खोचलेला, टोपी आणि उपरणं पिशवीत, काठी आडवी धरलेली. फोटो खाली उतरून, दूर गेल्यावर काढा.

सामान दोन किलोच नेता येतं, तेव्हा त्यात आधी गरम कपडे आणि रोजची औषधं. परभणीत मे महिन्यात पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, म्हणून स्वेटर घरी राहतो, आणि वर रात्री पाणी गोठायची थंडी असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते पिशवीत न ठेवता आतल्या खिशात, अंगाशी ठेवावं. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नाही.