आगाऊ रक्कम



अमेरिकन मोटारींचा विषय निघाला की आपल्या तोंडी तीन नावे येतात : फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर. जणू काय त्या धंद्याची सगळी वंशावळ एवढीच. वस्तुतः १८९६ ते १९३० ह्या काळात त्या देशात मोटारी काढणारे अठराशेच्या वर कारखानदार होऊन गेले. बहुतेकांची नावे हौशी संग्राहकांखेरीज आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यानंतरही नव्याने उडी घेणारे निघाले, आणि तेही बुडाले. त्या बुडालेल्यांपैकी तिघांची हकीकत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. तिघेही दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या चार-पाच वर्षांतले. तिघांनीही कारखाना नीट उभा राहण्यापूर्वीच लोकांपुढे पैशासाठी हात पसरला. त्यांतला एक तुरुंगात गेला, एक निमूटपणे दिवाळखोरीत निघाला, आणि एक कोर्टातून निर्दोष सुटूनही धुळीला मिळाला.

वस्तू तयार नसताना तिच्या नावावर पैसे घेणे ही उघड लबाडी, असे आपल्याला सहज वाटते. तेव्हा आधी थोडे मागे जाऊ. जून १९०३ मध्ये हेन्री फोर्डची कंपनी निघाली, तेव्हा तिचे बारा भागधारक होते आणि रोख भांडवल होते अवघे २८,००० डॉलर. फोर्डचा हा पहिला डाव नव्हे. त्याच्या आधीच्या दोन कंपन्या त्याच्या हातून गेल्या होत्या. ह्या तिसऱ्या खेपेस इंजिने डॉज बंधूंच्या कारखान्यातून येत, चाके दुसरीकडून, वरचा लाकडी सांगाडा तिसरीकडून. फोर्डच्या जागेत फक्त जोडणी होई. माल उधारीवर आणायचा, विक्रेत्याकडून आगाऊ रक्कम घ्यायची, गाडी रोखीने विकायची आणि मग उधारी फेडायची, असा हा व्यवहार. त्या जुलै महिन्यात कंपनीच्या खात्यात २२३ डॉलर उरले होते, इतक्यात शिकागोच्या एका दंतवैद्याची ८५० डॉलरची मागणी आली आणि कंपनी वाचली. ती मागणी आणखी पंधरा दिवस लांबली असती, तर फोर्डचे नावही त्या अठराशेंच्या यादीत कोठे तरी पडून राहिले असते. सांगायचे असे की, आगाऊ पैसे घेऊन मोटार काढणे हा त्या धंद्याचा जुना रिवाज होता. त्या काळी त्याला कोणी गुन्हा म्हटले नाही.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. लाकडी सांगाड्याच्या जागी दाबून घडवलेला पोलादी सांगाडा आला; त्याचे साचे इतके महाग की ते काही हजार गाड्यांवर वसूल होत नाहीत, त्यांना लाखांचा खप लागतो. दुसरे म्हणजे, १९२९ साली शेअरबाजार कोसळून असंख्य कुटुंबे धुळीस मिळाल्यावर १९३३-३४ मध्ये सरकारने कडक कायदे केले आणि भागभांडवलाच्या विक्रीवर एक आयोग नेमला. लोकांचा पैसा घ्यायचा असेल तर त्यांना सारे खरे सांगितले पाहिजे, असा दंडक झाला. तो योग्यच होता. पण आता भांडवल लागे कोट्यवधींचे, आणि ते मागताना, मी उद्या काय करीन, ह्याचा प्रत्येक शब्द कायद्याच्या तराजूत पडे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धासाठी अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन बंद झाले. १९४५ साली ते पुन्हा सुरू झाले तेव्हा साऱ्या देशाला मोटारींची भूक लागली होती. नंबर लावून गाडीची वाट पाहणे म्हणजे काय, हे ह्या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. मोठ्या कंपन्यांनी १९४२ चेच नमुने थोडी रंगरंगोटी करून विकायला काढले आणि तेही हातोहात खपले. अशा वेळी 'मी नवी गाडी देतो' म्हणणाऱ्याच्या दारात रांग लागली तर नवल काय ?

त्यांतला पहिला ग्लेन गॉर्डन डेव्हिस, कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइसचा. त्याची गाडी तीन चाकांची : एक पुढे, दोन मागे, आणि एकाच लांबलचक बाकावर चार माणसे शेजारी-शेजारी. म्हणून नाव 'दिवाण'. मूळ नमुनाही त्याचा स्वतःचा नव्हता. त्याने सुमारे साडेतीनशे विक्रेत्यांकडून जवळजवळ बारा लाख डॉलर गोळा केले. कामगारांना सांगितले, आज फुकट राबा, उत्पादन सुरू झाले की दुप्पट पगार देतो. गाड्या निघाल्या दीड डझनाच्या आतच. कामगार आणि विक्रेते कोर्टात गेले, कारखाना बुडाला आणि फसवणुकीबद्दल डेव्हिसला शिक्षा झाली. सुटल्यावर त्याने जत्रेतल्या एकमेकींवर आपटणाऱ्या विजेच्या गाड्यांच्या कामात लक्ष घातले. त्या मात्र चालल्या.

दुसरी गाडी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराची. तिचे नाव प्लेबॉय. लुई हॉर्विट्झ नावाच्या मोटारविक्रेत्याने दोन जाणकारांना हाताशी धरून ती काढली. छोटी, तीन माणसांची, पोलादी टप दुमडून मागे जाणारा, आणि किंमत ९८५ डॉलर. गाडी चांगली होती, साधी होती. १९४८ साली कंपनीने दोन कोटी भाग एकेका डॉलरला विक्रीस काढले आणि नेमक्या त्याच सुमारास, ज्याच्याकडे मी आता वळणार आहे, त्या टकरची सरकारी चौकशी वर्तमानपत्रांत गाजू लागली. नव्या मोटारकंपनीचे नाव काढताच लोक खिसा घट्ट धरू लागले. भाग पुरेसे खपले नाहीत. ९७ गाड्यांवर खेळ आटोपला. (ह्याच नावाचे एक मासिक १९५३ साली निघाले. ज्याने ते नाव सुचवले त्याच्या आईने ह्या मोटारकंपनीत नोकरी केली होती. अधिक तपशिलात शिरण्याचे हे व्यासपीठ नव्हे.)

आता टकर. प्रेस्टन टकर १९०३ साली मिशिगन राज्यात जन्मला, म्हणजे फोर्ड कंपनीच्याच वर्षी. कॅडिलॅकच्या कचेरीत हरकाम्या, मग पोलीस शिपाई, मग मोटारविक्रेता, मग शर्यतीच्या गाड्यांच्या नादात. माणूस बोलका, छाप पाडणारा, आणि थोडा बढाईखोर. युद्धात बॉम्बफेकी विमानांची इंजिने जेथे होत, तो शिकागोतील अवाढव्य कारखाना त्याने सरकारकडून भाड्याने मिळवला. भाग विकून दीड कोटी डॉलरच्या आसपास रक्कम जमवली.

गाडी होती तरी कशी ? इंजिन मागे. समोर तिसरा दिवा, जो वळणावर चाकांबरोबर वळे. अपघातात बाहेरच्या बाजूला निसटून पडणारी समोरची काच, आणि डोके आपटू नये म्हणून मऊ गादी लावलेली समोरची पट्टी. उतारूंच्या जिवाचा एवढा विचार त्या काळी मोठ्या कंपन्यांच्या गावीही नव्हता. १९ जून १९४७ रोजी तीन हजारांवर पाहुण्यांसमोर ती प्रथम दाखवायची होती. आदल्या रात्री तिचे खालचे दांडे मोडले. इंजिनाचा खडखडाट इतका, की तो ऐकू जाऊ नये म्हणून बँडवाल्यांना जोरात वाजवायला सांगितले होते, असे सांगतात. ते इंजिन अखेर टाकून द्यावे लागले आणि त्याच्या जागी हेलिकॉप्टरचे इंजिन पाण्याने थंड होईल असे करून बसवले.

पैसा मात्र पुरेना. तेव्हा टकरने एक युक्ती काढली : ज्याला गाडीत आपला नंबर पक्का हवा, त्याने रेडिओ, बैठकीची आच्छादने, प्रवासी पेट्या आधीच विकत घ्याव्यात. अशा रीतीने सुमारे वीस लाख डॉलर आले. मी टकरचा चाहता आहे, पण हे मला पटत नाही. ज्या घोड्याचा अजून जन्म व्हायचा आहे त्याचा खोगीर गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधण्याचा हा प्रकार झाला. आयोगाने चौकशी आरंभली, गुप्त अहवालातील मजकूर बाहेर फुटला, भागांचे भाव कोसळले. मार्च १९४९ मध्ये कारखाना विश्वस्तांच्या ताब्यात गेला. एकूण ५१ गाड्या झाल्या, त्यांतल्या शेवटच्या काही उरल्यासुरल्या कामगारांनी जोडल्या.

ऑक्टोबर १९४९ मध्ये खटला उभा राहिला. आरोप ३१ : टपालाद्वारे फसवणूक, रोखेविषयक कायद्याचा भंग, कट. सरकारने सेंट पॉलच्या एका विक्रेत्याला साक्षीला आणले. टकरपायी त्याचे २८,००० डॉलर बुडाले होते, म्हणजे फोर्ड कंपनीचे १९०३ चे सबंध भांडवल ! पण उलटतपासणीत तो म्हणाला, माझी टकर गाडी ३५,००० मैल चालली आहे आणि अजून ताशी नव्वद मैलांनी सुरळीत धावते. सरकारचाच साक्षीदार ! टकरच्या वकिलाने बचावाचा एकही साक्षीदार उभा केला नाही. ज्याला मोटार द्यायचीच नाही तो ५१ मोटारी कशाला बनवील, हा प्रश्न ज्यूरीपुढे त्या गाड्यांच्या रूपाने उभाच होता. २२ जानेवारी १९५० रोजी सर्व आरोपी निर्दोष सुटले.

डेव्हिस आणि टकर ह्यांच्यात फरक कोणता, असे आपण विचाराल. पुष्कळदा उत्तर देतात, एक ठग आणि दुसरा स्वप्नाळू. मला ते तितके सोपे वाटत नाही. डेव्हिसनेही गाड्या बनवल्या आणि टकरनेही बाता मारल्या. फरक पडला तो पैशाच्या विनियोगात. टकरचा पैसा यंत्रांत, पोलादात, इंजिनांत गेलेला दिसत होता. आणि १९०३ च्या डेट्रॉइटमध्ये तो असता, तर कदाचित त्याच्या बढाईकडे कोणी लक्षही दिले नसते.

टकर २६ डिसेंबर १९५६ रोजी कर्करोगाने वारला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. सरकारतर्फे खटला चालवणारे वकील ओटो कर्नर पुढे इलिनॉय राज्याचे गव्हर्नर झाले आणि १९७३ साली लाच घेतल्याबद्दल स्वतःच दोषी ठरले. टकरच्या एका गाडीला २०१२ मधील लिलावात २९ लाख डॉलर आले. शिकागोच्या त्या कारखान्यात कोरियन युद्धाच्या वेळी दुसऱ्याच एका कंपनीने विमानांची इंजिने बनवली. पुढे १९६५ साली त्या आवारात एक मोठी बाजारपेठ उघडली. त्या कंपनीवरूनच तिला नाव मिळाले : फोर्ड सिटी.