हक्काला कागदाची जोड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



संसदेने १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा केला आणि १९८९ साली पुणे व मुंबई येथे ही न्यायालये सुरू झाली. या कायद्याच्या तेराव्या कलमानुसार वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. गरीब स्त्रीलाही आपले गाऱ्हाणे स्वतःच्या तोंडाने मांडता यावे, असा त्यामागील उदार हेतू. परंतु ही परवानगी बहुधा मिळते. मग ज्याच्यापाशी पैसा आहे तो वकील आणतो आणि जिच्यापाशी नाही ती पिशवीत चुरगळलेले कागद घेऊन उभी राहते. कायद्याने दिलेली समता त्या पिशवीपाशी अडते.

पोटगीचा दावा हा मूलतः जमाखर्चाचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निर्णयानुसार दोन्ही पक्षांनी उत्पन्न, खर्च, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा निराळा नमुना आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही तेथे ठरले. याचा अर्थ, अर्ज लांबवलेला प्रत्येक महिना हा बुडालेला महिना होय. एखादा कागद मिळत नाही म्हणून थांबू नये. तो न्यायालयाच्या परवानगीने मागाहून जोडता येतो.

कागदांची मांडणी कशी करावी? प्रथम एका पानावर घटनाक्रम लिहावा: विवाह, मुलांचे जन्म, घर सोडावे लागले तो दिवस, पूर्वीच्या तक्रारी. नंतर चार विभाग करावेत. पहिल्यात विवाहाचा व मुलांच्या जन्माचा दाखला, शिधापत्रिका. दुसऱ्यात उत्पन्नाचे पुरावे, म्हणजे पगारपत्रक, बँकेचे पासबुक, सातबारा. तिसऱ्यात खर्च, म्हणजे घरभाडे, शाळेची फी, औषधांच्या पावत्या. चौथ्यात न्यायालयात दिलेला व तेथून मिळालेला प्रत्येक कागद. पानांना क्रमांक व आरंभी अनुक्रमणिका असावी. तीन संच करावेत: न्यायालयाचा, प्रतिपक्षाचा व स्वतःचा. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून तारखेस दाखवण्यासाठी न्यावेत. जे दाखल केले त्याची पोच घ्यावी आणि प्रत्येक तारखेस काय झाले व पुढील तारीख कोणती, हे त्याच दिवशी वहीत टिपावे.

पावती नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. चौदाव्या कलमाने पुराव्याचे नियम सैल केले आहेत. वाद निकाली काढण्यास उपयुक्त वाटेल तो कागद न्यायालय पाहू शकते. वाण्याच्या उधारीची वहीदेखील संसाराचा खर्च सांगते. पती उत्पन्न दडवीत असेल तर त्याच्या प्रतिज्ञापत्रातील आकडे त्याच्या बँक-खात्याशी ताडून पाहावेत आणि विसंगती लेखी दाखवून द्यावी. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

एकटीने लढणे ही सक्ती मात्र मानू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार, उत्पन्न कितीही असले तरी, स्त्रीला विनामूल्य वकील मागता येतो. त्या वकिलाचेही काम नीट लावलेल्या कागदांवाचून पुढे सरकत नाही.

मोर्चे आपण काढले आणि ते काढलेच पाहिजेत. परंतु प्रत्येक शाखेने आठवड्याची एक संध्याकाळ या कामासाठी राखावी. अशा भगिनीशेजारी बसून कागद लावून द्यावेत, अर्ज वाचून दाखवावा, त्यातील प्रत्येक आकडा तिला समजला आहे ना ते पाहावे. न्यायाधीशांसमोर बोलायचे आहे ते तिनेच.