पेटींत अडकलेला आवाज



मुंबईकरांच्या नळाला जें पाणी येतें त्याचा मोठा वांटा शहापूर तालुक्यांतील तानसा व भातसा या जलाशयांचा आहे. तानशाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें, आणि तेव्हांपासून हें पाणी नळांतून शहरांत येत आहे. त्याच तालुक्यांत आणि शेजारच्या मुरबाडांत दुसरेंहि एक धन आहे. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा अनेक समाजांचीं गाणीं तेथें नांदत आहेत. या धनाला शहराकडे आणणारा नळ नाहीं. तें गाणाऱ्याच्या कंठांतून निघतें आणि ऐकणाऱ्याच्या कानाशीं संपतें. अलीकडे तें यंत्रांत शिरूं लागलें आहे, आणि तेथेंच एक नवी अडचण उभी राहिली आहे. ती अडचण कोणती, आणि हौशी माणसाला स्वतः रचलेल्या लहानशा आज्ञावलीच्या साहाय्यानें ती कशी सोडवितां येते, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

ठाणें-रायगडकडील हळदीच्या मांडवांत बेंजो ऐकला नाहीं असा माणूस विरळा. या वाद्याचें कूळ जपानी आहे. नागोया शहरांत १९१२ सालीं ‘ताइशोगोतो’ नांवाचें एक तंतुवाद्य निघालें. त्याच्या तारांवर टंकलेखन-यंत्रासारख्या कळा बसविलेल्या होत्या. तेंच आपल्याकडे येऊन बुलबुल-तरंग झालें आणि मांडवांत बेंजो म्हणून मिरवूं लागलें. विजेवरच्या बेंजोंत तारांखालीं चुंबक आणि तारेचें वेटोळें असतें. तार कंप पावली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. गिटारचेंहि तत्त्व हेंच. म्हणून गिटारसाठीं केलेलीं पेडलें बेंजोलाहि चालतात.

पेडल म्हणजे पायानें दाबावयाची धातूची डबी. कांहीं पेडलें स्वराला घोगरा करतात, कांहीं त्याला घुमवितात. आपणांस आज ज्या जातीशीं काम आहे तिला ‘लूपर’ म्हणतात. पाय एकदां दाबला कीं हें यंत्र ऐकूं लागतें. दुसऱ्यांदा दाबला कीं ऐकलेला तुकडा पुनःपुन्हां वाजवूं लागतें. साथीदार घरीं नसतांहि सराव होतो, हा त्याचा मोठा उपयोग. बॉस कंपनीच्या आर.सी.-३ या लूपरांत ९९ कप्पे असून सुमारें ३ तासांचा आवाज मावतो. कांहीं लूपरांना मायक्रोफोनहि जोडतां येतो.

आतां अशी कल्पना करा. किन्हवलीच्या किंवा टोकावड्याच्या एखाद्या मांडवांत वृद्ध धवलारी लग्नाचे धवळे म्हणत आहे, आणि बेंजो वाजविणाऱ्या तरुणानें हौसेनें तो आवाज पेडलांत धरून ठेवला. वर्ष-दोन वर्षांनीं धवलारी निवर्तली. आवाज पेडलांत आहे. पण तो बाहेर कसा काढावयाचा? पेडलाला दुसरें दार नसेल तर एकच मार्ग उरतो. तें वाजवावें आणि दुसऱ्या यंत्रानें ऐकून घ्यावें. तीन तासांच्या आवाजाला तीन तास लागतात. शिवाय आंकड्यांचा प्रवाह आणि प्रवाहाचे पुन्हां आंकडे करतांना तारेची खरखर त्यांत मिसळते. संगणकाला जोडण्याचें दार असलें तरीहि कित्येकदां उत्पादकाची स्वतःची आज्ञावली लागते, आणि ती जुन्या संगणकावरच चालते. नवा संगणक त्या पेटीकडे अनोळखी पाहुण्याकडे पाहावें तसा पाहतो.

ग्रामोफोनच्या तबकडीची गोष्ट येथें आठवते. फ्रेड गेसबर्ग या ध्वनिमुद्रकानें १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानच्या गायनाच्या तबकड्या घेतल्या. त्या तबकडीवरील खांच डोळ्यांना दिसते. तिच्यावर सुई ठेवली कीं ती बोलते. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी कोणा कंपनीची परवानगी मागावी लागत नाहीं. उलट, अंकीय ध्वनिफीत वाजविणारीं यंत्रें सोनी कंपनीनें २००५ सालीं बनविणें थांबविलें, आणि अवघ्या वीस वर्षांत चालतें यंत्र शोधण्याची पाळी आली. टिकाऊपणा केवळ यंत्राच्या नवेपणावर अवलंबून नसून, लिहिलेलें दुसऱ्याला वाचतां येतें कीं नाहीं यावर अवलंबून असतो.

तेव्हां ही अंकीय खांच वाचावी कशी? प्रथम आवाज आंत कोणत्या रूपानें राहतो तें पाहूं. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारें २०,००० आंदोलनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो. तो बिनचूक टिपावयाचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां प्रवाह मोजावा लागतो. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली तेव्हां हा आंकडा सेकंदाला ४४,१०० असा ठरलेला होता, आणि पुष्कळ पेडलेंहि तोच पाळतात. प्रत्येक मोजणी १६, २४ किंवा ३२ बिटांत लिहिली जाते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू धरून १६ बिटांचा एक मिनिटाचा आवाज म्हणजे १,०५,८४,००० बाइट. आवाज म्हणजे शेवटीं आंकड्यांची ही लांब माळ होय.

हौशी माणसाच्या आज्ञावलीचें पहिलें काम म्हणजे पेडलाच्या स्मृतीची जशीच्या तशी प्रत घेणें. मूळ पेटींत एक अक्षरहि लिहावयाचें नाहीं, हा नियम कटाक्षानें पाळावा. पुढचे सारे प्रयोग प्रतीवर करावे. दुसरें काम ओळखीच्या खुणा शोधण्याचें. मायक्रोसॉफ्ट व आय.बी.एम. यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘वेव्ह’ पद्धतीच्या आरंभीं आर-आय-एफ-एफ हीं चार अक्षरें येतात, आणि साध्या रूपांत ४४ बाइटांचें एक मथळ्याचें पान असतें. मोजणीचा वेग, बिट आणि बाजू यांची माहिती त्या पानावर असते. हें पान सांपडलें तर निम्में काम झालें.

तें नसेल तर युक्ति योजावी लागते. अशा वेळीं पेडलांत एक रिकामा कप्पा घ्यावा आणि त्यांत ठाऊक असलेला स्वर भरावा. ४४१ आंदोलनांचा स्वर दहा सेकंद वाजविला तर ४४,१०० च्या वेगानें मोजतांना दर १०० आंकड्यांनीं तीच रांग पुन्हां आली पाहिजे. एका बाजूचा १६ बिटांचा आवाज असेल तर सुमारें ८,८२,००० बाइट भरलेले दिसतील. दोन्ही बाजू असतील तर त्याच्या दुप्पट. स्वर भरण्यापूर्वींची आणि नंतरची अशा दोन प्रती शेजारीं ठेवून कोठें फरक पडला तें संगणकाला विचारलें, म्हणजे आवाज कोठें व कसा ठेवला आहे याचा पत्ता लागतो.

तर्क चुकला तर कान लगेच सांगतो. ४४,१०० चा आवाज ४८,००० समजून वाजविला तर स्वर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो, आणि म्हातारीचा आवाज तरुणीसारखा वाटूं लागतो. बाइटांचा क्रम उलटा धरला तर गाणें जाऊन तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचराट ऐकूं येतो. कधीं कधीं एका गाण्याचे तुकडे स्मृतींत दूरदूर पसरलेले असतात. तेव्हां कप्प्यांची सूची शोधून ते ओळीनें जोडावे लागतात. एका गोष्टीला मात्र इलाज नाहीं. लूपरावर एका आवाजावर दुसरा आवाज चढवितां येतो. पेडलानें दोन्हींची बेरीज करून एकच माळ ठेवली असेल, तर धवळ्यांवर चढविलेला बेंजो या साध्या आज्ञावलीनें जसाच्या तसा उतरवितां येणार नाहीं. म्हणून मूळ आवाजाच्या कप्प्यावर दुसरें कांहींहि चढवूं नये.

कोणी विचारील, हें कायद्याला धरून आहे काय? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९९ सालीं एक तरतूद आली. आज्ञावली ज्याच्याजवळ कायदेशीरपणें आहे त्याला, आपली स्वतंत्र आज्ञावली तिच्याशीं जुळवून घेण्यासाठीं आवश्यक असलेली माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसेल तर, काढून घेण्याची मुभा त्या तरतुदीनें दिली आहे. पण याच कायद्याची दुसरी बाजूहि लक्षांत ठेवावी. १९९४ पासून त्यांत गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचाहि हक्क मानलेला आहे. पेटी आपली असली तरी आंतला कंठ आपला नव्हे. धवलारीचा आवाज जगापुढें मांडण्यापूर्वीं तिची, ती नसेल तर तिच्या घरच्यांची, संमति घेणें हें कायद्याइतकेंच सभ्यतेचेंहि काम आहे.

आवाज एकदां मोकळा झाला म्हणजे तो किती दूर जातो याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. गी प्वातवां व हेमा राईरकर यांच्या पुढाकारानें खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल या संगीत व संगणक जाणणाऱ्या फ्रेंच अभियंत्यानें १९९३ ते १९९८ च्या दरम्यान त्यांची सूची रचण्यास साहाय्य केलें आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलें. तें मुद्रण आधीं गुडगांवच्या संग्रहांत, नंतर फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हांसच्या भांडारांत गेलें, आणि ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या द्वारें आज घरोघरीं ऐकतां येतें. प्रत्येक मुक्कामीं नवें यंत्र तें वाचूं शकलें म्हणूनच हा प्रवास घडला. शिवाय कोणी गाइलें, कोणत्या गांवीं गाइलें, याची नोंद आवाजाबरोबर चालत आली. नांवगांवाशिवायचा आवाज हा पत्ता नसलेल्या पत्रासारखा असतो.

तेव्हां माझ्या तरुण श्रोत्यांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें. यंत्र विकत घेतांना त्यांतला आवाज उघड्या पद्धतीनें बाहेर काढतां येतो कीं नाहीं हें आधीं विचारावें. जुनें पेडल घरांत असेल तर तें विकण्यापूर्वीं त्याच्या पोटांत काय आहे तें पाहावें. आज्ञावली रचलीच, तर तिची कृति सर्वांस खुली ठेवावी. एकानें उघडलेल्या कुलुपाची किल्ली दुसऱ्याला पुन्हां घडवावी लागूं नये. काढलेल्या आवाजाच्या निदान दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. तिसरी प्रत ज्या घरचा आवाज आहे त्या घरीं, शहापूरच्या पाड्यावर किंवा मुरबाडच्या वाडीवर, नेऊन पोंचवावी. आजीचा धवळा नातीच्या कानीं पडला तर तो तिच्या कंठांतहि उतरण्याची आशा आहे. आणि गाण्याला कंठासारखी सुरक्षित जागा अजून कोणत्याहि कंपनीनें बनविलेली नाहीं.