हाताची घडी, तोंडावर बोट… ‘कट’ म्हणेपर्यंत



मी सॉफ्टवेअरवाली. सिनेमाशी माझा संबंध एवढाच, की चित्रीकरणाचं वेळापत्रक बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी काम करते आणि त्यासाठी सेटवर जावं लागतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या ओळखीच्या घरांतून फोन येतात, “पोरगी सिनेमाच्या कामाला जातो म्हणते, पाठवू का?” त्यांना देते तेच उत्तर आज इथे देते.

सेटवरचा पहिला धडा आपल्या शाळेतलाच आहे : हाताची घडी, तोंडावर बोट. आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’चं (2001) चित्रीकरण भुजजवळ झालं, तेव्हा संवाद नंतर डब न करता जागेवरच ध्वनिमुद्रित केले गेले. अशा कामात कुणाचा मोबाईल वाजला, चप्पल घासली, तरी टेक वाया जातो. आदल्या दिवशी कॉलशीट येतं. त्यातली वेळ म्हणजे वेळ. एक जण उशिरा आला की सगळं युनिट खोळंबतं. आपल्याकडे सोपवलेली नाही ती वस्तू हलवायची नाही, कारण पुढच्या शॉटमध्ये ती तिथेच दिसायला हवी. कलाकाराला अभिनयाच्या सूचना दिग्दर्शकच देतो, इतरांनी नाही. चहा आणून देणाऱ्या स्पॉटदादांशी आदरानेच बोलायचं. कुणाच्या वावरात कॅमेरा लावला, तर पीक तुडवायचं नाही.

पण शिस्त म्हणजे निमूटपणे सोसणं नव्हे. ‘कट’ झाला की तोंडावरचं बोट काढायचं. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांनी काय सोसलं, ते 2024 मध्ये जाहीर झालेल्या हेमा समितीच्या अहवालात वाचायला मिळतं. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. चित्रपटाच्या युनिटलाही हे लागू आहे, असं केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. माणसं कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण 3 महिन्यांच्या आत, लेखी द्यायची. म्हणून काम स्वीकारतानाच विचारावं, “समितीत कोण आहे?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, कामाचाच भाग आहे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला गप्प बसायला शिकवलंत, तसंच उभं राहून उत्तर द्यायलाही शिकवलंत. पोरींना जरूर पाठवू या. मात्र या दोन्ही गोष्टी शिकवून.