कोळशाला ग्रेड, पऱ्हाटीला बंडी

(वर्धा जिल्हा बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे नाही. कापूस वेचून झाला की शेतात जे उभे राहते, त्याच्या भावावर बोलायचे आहे. पऱ्हाटीच्या. हसू नका. कोरडवाहू रानात एकरी आठ ते बारा क्विंटल पऱ्हाटी निघते. काही चुलीत जाते, काही कुंपणाला, बाकीची धुऱ्यावर पेटवून देतो. गुलाबी बोंडअळी आल्यापासून तर कृषी खाते सांगते की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत उपटून शेत मोकळे करा. सल्ला बरोबर आहे. उपटण्याची मजुरी कोणी द्यायची, हे तेवढे सांगायचे राहून जाते.

आता गावोगाव माणसे येतात आणि म्हणतात, "शेत रिकामे करून देतो, पऱ्हाटी आमची." आपल्याला वाटते, बरे झाले, मजुरी वाचली. पण पुढे तिचे काय होते ते पाहू.

पऱ्हाटीचे भुसकट करून, दाबून गोळ्या करतात. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, तिच्या नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राने, पऱ्हाटीपासून गोळ्या, जळाऊ विटा आणि बोर्ड करून दाखवले आहेत. केंद्र सरकारने २०२१ साली धोरण जाहीर केले की औष्णिक वीज केंद्रांनी कोळशाबरोबर काही टक्के शेतातला काडीकचरा जाळावा. टक्केवारी आणि मुदती पुढे बदलत राहिल्या, पण गिऱ्हाईक तयार झाले, आणि ते लहानसहान नाही.

हे गिऱ्हाईक माल कसा मोजते? एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तो एक उष्मांक. कोळसा किती उष्मांक देतो यावर त्याची ग्रेड ठरते. १ जानेवारी २०१२ पासून देशात हीच पद्धत आहे, एकंदर १७ ग्रेड. किलोला ४,००० च्या वर उष्मांक असले तर एक ग्रेड, ३,७०० च्या वर असले तर खालची, असे तीनशे-तीनशेचे टप्पे. वाळलेली पऱ्हाटी किलोला साधारण ३,५०० ते ४,००० उष्मांक देते. म्हणजे वीज केंद्रात जो मध्यम-हलका कोळसा जळतो, त्याच्या पंगतीला आपली पऱ्हाटी बसते. शिवाय त्या कोळशात शंभरातले तीस-चाळीस भाग राख असते, पऱ्हाटीत जेमतेम चार-सहा. पऱ्हाटीच्या राखेतला क्षार बॉयलरच्या नळ्यांना चिकटतो, म्हणून ती कोळशात थोडीच मिसळतात, हेही खरे. पण केंद्राच्या दारात गोळीचा भाव हजार उष्मांकांमागे ठरतो. आणि आपल्या बांधावर? बंडीमागे, नाहीतर फुकट.

आता वीज केंद्राच्या आत या. बॉयलरमध्ये वाफ होते, वाफ टर्बाइनची पाती फिरवते. एका युनिट विजेत ८६० उष्मांक असतात, पण जुना संच ते एक युनिट काढायला २,५०० च्या आसपास उष्मांक खातो. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून जाते. इंजिनियरांनी वर्षानुवर्षे डोके याच गळतीवर लावले. वाफ जितकी तापलेली आणि दाबाखाली, तितके टर्बाइनमधून काम जास्त. पाणी ३७४ अंशांच्या आणि सुमारे २२० पट हवेच्या दाबाच्या पुढे गेले की उकळणे हा प्रकारच उरत नाही, पाणी आणि वाफ एकच. त्या पलीकडे चालणारे ६६० मेगावॉटचे तीन संच कोराडीला २०१५ ते २०१७ दरम्यान सुरू झाले. असा संच युनिटमागे २,२०० ते २,३०० उष्मांकांत काम भागवतो. शंभरात आठ ते बारा भागांची ही बचत, आणि तिच्यासाठी हजारो कोटी खर्च झाले. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. हिशेब असाच करायचा असतो.

तोच हिशेब आपण करू. वाळलेल्या पऱ्हाटीचा एक क्विंटल म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त उष्मांक. नव्या संचात त्याची दीडशे युनिट वीज होते. दळण, वाहतूक, कारखान्याचा नफा सगळे वजा करा. तरी उरते ते शून्य नाही.

आता घरातली चूल. तीन दगडांच्या चुलीत शंभर भाग उष्णतेतले दहाच्या आसपास भांड्याला लागतात, बाकीचे भिंतीला, धुराला आणि मायबहिणींच्या डोळ्यांना. यावर संशोधन आपल्याच वर्ध्यात सुरू झाले होते. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ मगनवाडीत स्थापन झाला, कुमारप्पा तिथे काम करीत. तिथली मगन चूल मातीचीच, पण जाळ एका भांड्याखालून दुसऱ्याखाली नेऊन मग धुराड्यातून बाहेर सोडणारी. पुढे सरकारनेही १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि २००२ मध्ये गुंडाळला. चुली बांधून मोकळे झाले, धुराडे साफ कोण करणार हे कोणी पाहिले नाही. टर्बाइनला देखभालीचा माणूस असतो, चुलीला सून असते.

चांगली चूल शंभरातले वीसेक भाग भांड्याला देते. म्हणजे तोच स्वयंपाक निम्म्या सरपणात. उरलेली निम्मी पऱ्हाटी विकायला मोकळी. सिलिंडर आला तरी पाणी तापवायला आणि ढोरांचे शिजवायला चूल पेटतेच, म्हणून चुलीचा हा हिशेब बाद होत नाही.

एक गोष्ट आपल्या बाजूची. हिरवी उपटलेली पऱ्हाटी निम्मी पाणी असते, आणि एक किलो पाणी उडवायला सहाशेवर उष्मांक जातात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ढीग मोकळा लावून वाळवला तर त्याच क्विंटलात जवळपास दुप्पट उष्णता भरते. भाव वजनावर असेल तोवर ओली विकण्यात हुशारी वाटते, पण खरेदीदार ते ओळखूनच भाव पाडतो. कापसाच्या खरेदीत मॉइश्चर मीटर लावून बारा टक्क्यांवर माल नाकारतात ना? तेच मीटर पऱ्हाटीला लावा आणि वाळल्या मालाचे पैसे द्या.

आणि राख. पऱ्हाटीबरोबर शेतातले पालाश जाते. चुलीतली राख उकिरड्यावर येते, वीज केंद्रातली कोळशाच्या राखेत मिसळते आणि शेतात परत येत नाही. तेही भावात धरले पाहिजे. हलक्या रानात पऱ्हाटी बारीक करून मातीतच घालणे परवडत असेल तर विकूच नका.

आमची मागणी अशी: प्रत्येक तालुक्याच्या बाजार समितीत वजनकाटा आणि ओलावा मोजायचे यंत्र, जिल्ह्यात उष्मांक मोजायची एक प्रयोगशाळा, आणि केंद्राच्या दारातला भाव समितीच्या फळ्यावर. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने लिहून आणावे: पऱ्हाटी कोण नेतो, बंडीत किती क्विंटल बसते, आणि हातावर काय ठेवतो.